शाळेबरोबर पहिल्यांदाच सिंगापूरला: बुजऱ्या मुलामुलींसाठी पायरी-पायरीने

शाळेने सिंगापूरच्या सहलीचं पत्रक वाटलं, घरच्यांनी होकार दिला, आणि आता तुझ्याच पोटात गोळा आलाय. विमानात बसायची ही पहिलीच वेळ. इंग्रजी वाचता येतं, पण समोरून कुणी काही विचारलं की शब्द घशात अडकतात. वर्गातली चार मुलं आधी कुठे कुठे जाऊन आलेली, त्यांना सगळं ठाऊक आहे असं वाटत राहतं.

ही धाकधूक बहुतेक वेळा ‘आता पुढे काय होणार’ हे माहीत नसल्याची असते. म्हणून कुठे काय विचारतात, कोणता कागद दाखवायचा आणि लोक नेमके कुठे अडकतात, ते इथे क्रमाने लिहिलं आहे. पहिले तीन टप्पे आईबाबांना शेजारी बसवून वाच. चौथ्यापासून पुढचं सगळं तुझं आहे.

१. नावाचं स्पेलिंग (चार महिने आधी)

पासपोर्टचा अर्ज भरण्याआधी जन्मदाखला, आधार कार्ड आणि शाळेचं ओळखपत्र टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा. आपल्याकडे सगळ्यात जास्त अर्ज इथेच लटकतात.

पहिली गोष्ट, जन्मदाखल्यावर तुझं नाव आहे का ते बघ. महाराष्ट्रात जन्माची नोंद होते तेव्हा बारसं झालेलं नसतं, त्यामुळे कित्येक दाखल्यांवर नावाचा रकाना कोराच असतो. तसा असेल तर जिथे नोंद झाली त्या महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नाव घातलेला नवा दाखला आणावा लागेल. याला वेळ लागतो, म्हणून सगळ्यात आधी हेच काम.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. ‘ज्ञानेश्वर’ कुणी डी-एन-वाय लिहितं, कुणी जी-वाय. ‘दीक्षित’मधली दीर्घ ई एका कागदावर आय असते, दुसऱ्यावर डबल ई. आईच्या आणि बाबांच्या नावांचंही तसंच. वेगळं निघालं तर आधारवर दुरुस्ती करून घ्या आणि मगच पासपोर्टला हात लावा.

तिसरी गोष्ट आपल्या तीन पदरी नावाची. पासपोर्टच्या अर्जात ‘गिव्हन नेम’ आणि ‘सरनेम’ असे दोनच रकाने असतात. पहिल्यात स्वतःचं आणि त्यापुढे वडिलांचं नाव, दुसऱ्यात आडनाव. ‘सरनेम’ रिकामं ठेवून तिन्ही नावं पहिल्या रकान्यात कोंबू नका. पुढे तिकीट, व्हिसा, विमा या सगळ्यांवर पासपोर्टवरचंच नाव अक्षर न् अक्षर यायला हवं. शाळेच्या यादीत तुझं नाव हजेरीपटावरून उतरवलेलं असतं आणि तिकिटंही त्या यादीवरून निघतात, म्हणून पासपोर्ट हातात आला की यादी स्वतः जाऊन तपास. सरांना फक्त एवढंच म्हणायचं: “सर, तिकिटाच्या यादीतलं माझं स्पेलिंग बघू का?”

२. पासपोर्ट

अर्ज फक्त सरकारी संकेतस्थळावर भरायचा: पासपोर्टइंडिया डॉट जीओव्ही डॉट इन. तशाच दिसणाऱ्या खासगी साइट असतात आणि त्या वरचे पैसे घेतात. पत्त्यात ‘जीओव्ही’ नसेल तर बाहेर पडा.

१८ वर्षांखालच्यांची साधी फी १,००० रुपये. हा पासपोर्ट ५ वर्षं किंवा १८ वर्षं पूर्ण होईपर्यंत चालतो, यांतलं जे आधी येईल ते. १५ ते १८ वयाच्यांना १० वर्षांचा पर्यायही आहे, फी १,५०० रुपये. नववी-दहावीत असशील आणि पंधरा पूर्ण झाली असतील तर १० वर्षांचाच घ्यावा, नाहीतर कॉलेजात गेल्यावर पुन्हा हाच खटाटोप. तत्काळ हवा असेल तर २,००० रुपये जास्तीचे, पण चार महिने आधी सुरुवात केली तर त्याची गरज पडत नाही.

पासपोर्ट सेवा केंद्रात न्यायचे कागद, मूळ प्रती आणि सही केलेल्या झेरॉक्स दोन्ही:

- जन्मदाखला
- तुझं आधार कार्ड
- आईबाबांचे पासपोर्ट असतील तर ते, नसतील तर त्यांची आधार कार्डं
- राहत्या पत्त्याचा पुरावा, पालकांच्या नावाचा
- अ‍ॅनेक्शर डी, म्हणजे दोन्ही पालकांच्या सहीचं घोषणापत्र. एकाच पालकाची सही मिळणार असेल तर अ‍ॅनेक्शर सी
- अपॉइंटमेंटची पावती

आत गेल्यावर टोकन मिळतं आणि ए, बी, सी अशी तीन काउंटरं ओळीने होतात. ए वर कागद स्कॅन होतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. त्या दिवशी पांढरा शर्ट घालू नकोस, मागचा पडदा पांढरा असतो आणि खांदे त्यात विरघळतात. केस कपाळावरून मागे. बी आणि सी वर अधिकारी कागद पाहतात आणि कधी कधी थेट तुलाच विचारतात: पूर्ण नाव, जन्मतारीख, शाळा. उत्तर मराठीत दिलेलं चालतं. आईने तुझ्या वतीने बोलायला सुरुवात केली तरी हे तूच बोल, पुढच्या प्रवासात अशी उत्तरं पाच-सहा वेळा द्यायची आहेत.

दोन्ही पालकांकडे चालू पासपोर्ट असतील तर मुलांच्या अर्जाला साधारणपणे पोलीस पडताळणी लागत नाही. नसतील तर ठाण्यातून फोन येईल. अर्जात दिलेला नंबर चालू ठेवा.

ज्यांच्याकडे पासपोर्ट आधीपासून आहे त्यांनी मुदत पाहा. सिंगापूरला पोचल्याच्या दिवसापासून किमान ६ महिने शिल्लक हवेत. लहानपणी काढलेला ५ वर्षांचा पासपोर्ट नेमका सहलीच्या आसपास संपतो आणि हे लक्षात येतं ते व्हिसाच्या वेळी.

३. व्हिसा, संमतीपत्र आणि अरायव्हल कार्ड

भारतीय पासपोर्टवर सिंगापूरला व्हिसा लागतो. तो अधिकृत एजंटमार्फत निघतो आणि शाळेच्या सहलीत हे काम सहल कंपनी करते. व्हिसाची सरकारी फी ३० सिंगापूर डॉलर, एजंटचे पैसे वेगळे. तुझ्याकडून मागतील ते साधारण असं: पासपोर्ट, जन्मदाखल्याची प्रत, पालकांची ओळखपत्रं, सही केलेला अर्ज आणि फोटो.

फोटोचं माप ३५ बाय ४५ मिलिमीटर, पार्श्वभूमी पांढरी, कागद मॅट, फोटो गेल्या तीन महिन्यांतला. स्टुडिओत ‘पासपोर्ट साइज’ एवढंच सांगितलंस तर भलत्याच मापाचा आणि बहुधा निळ्या पडद्याचा फोटो हातात येईल. ‘सिंगापूर व्हिसाचा’ असं सांग आणि मिलिमीटरमधलं माप चिठ्ठीवर लिहून ने. सहा प्रती काढ. चार लागतील, दोन सामानात असू देत.

व्हिसा पीडीएफवर येतो, पासपोर्टवर चिकटवलेला नसतो. त्याची छापील प्रत घे आणि त्यावरचा पासपोर्ट नंबर एकेक आकडा जुळवून पाहा.

संमतीपत्र वेगळं. तू पालकांशिवाय देशाबाहेर जाणार असल्याने दोन्ही पालकांच्या सहीचं, नोटरी केलेलं पत्र जवळ हवं. त्यात तुझं पूर्ण नाव आणि पासपोर्ट नंबर, जाण्या-येण्याच्या तारखा, सोबतच्या शिक्षकांचं नाव आणि त्यांचा पासपोर्ट नंबर, हॉटेलचा पत्ता आणि पालकांचे फोन असावेत. प्रत्येक वेळी मागतीलच असं नाही. पण मागितलं आणि नसलं, तर तुझ्यामुळे अख्खी रांग खोळंबते, आणि बुजऱ्या माणसाला तेच सगळ्यात जास्त लागतं.

तिसरा कागद लोक विसरतात: एसजी अरायव्हल कार्ड. व्हिसा असला तरी हे भरावंच लागतं. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर, पोचण्याचा दिवस धरून आधीच्या तीन दिवसांतच ते भरता येतं. ते पूर्ण मोफत आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती खोटी. विमानाचा नंबर, हॉटेलचा पत्ता, त्याचा सहा आकडी पिनकोड आणि ईमेल लागतो. ईमेल ज्याचा पासवर्ड तुला किंवा बाबांना आठवतो तोच द्या, कारण सिंगापुरात आता पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, किती दिवस राहायची परवानगी आहे ते ईमेलवरच येतं. शाळा सगळ्यांचं एकत्र भरणार असेल तर कोणता ईमेल दिलाय ते विचारून घे.

प्रवासविमा शाळा काढते. तुझं काम एवढंच की पॉलिसी नंबर आणि मदतीचा फोन वहीत लिहून ठेवायचा.

४. घरबसल्या सराव

कागद कुणीही गोळा करून देईल, हा टप्पा मात्र तुझा तुलाच करायचा आहे. निघण्याआधी महिनाभर दर रविवारी एक गोष्ट कर.

सरकता जिना. तालुक्याच्या गावातून आलेल्या मुलांना याचीच सगळ्यात जास्त धास्ती असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. सिंगापूरच्या मेट्रोतले जिने आपल्या मॉलमधल्यांपेक्षा जलद चालतात. जवळच्या शहरातल्या मॉलमध्ये किंवा स्टेशनवर जाऊन दहा वेळा चढ-उतर कर. नजर पावलांवर न ठेवता समोर, एक हात कठड्यावर, बॅग पुढच्या पायरीवर ठेवायची नाही. तिथे डावीकडे उभं राहतात आणि उजवी बाजू घाईतल्या लोकांसाठी सोडतात.

मेट्रोचं गेट. पुणे, मुंबई किंवा नागपूरच्या मेट्रोत एकदा बसून ये. कार्ड टेकवणं, दार उघडल्यावर उतरणाऱ्यांना आधी वाट देणं, दार बंद होण्याचा इशारा वाजला की आत न घुसणं, हे सगळं तिथेही तसंच आहे.

हॉटेलची न्हाणी. गरम आणि गार पाण्याचा एकच दांडा असतो. तो आधी गारवर ठेवून सुरू करायचा आणि हळूहळू वळवायचा. शॉवर घेताना पडदा टबच्या आत सोडायचा, नाहीतर खोलीभर पाणी. पाश्चात्त्य संडासाची सवय नसेल तर ती इथेच करून घे. कमोडजवळ पाण्याचा फवारा असेलच असं नाही, म्हणून एक लहान प्लास्टिकची बाटली किंवा घडीचा मग बरोबर ठेव.

आणि इंग्रजी. अख्खं संभाषण पाठ करायची गरज नाही, ही सात वाक्यं आरशासमोर मोठ्याने म्हण:

- आय अ‍ॅम विथ अ स्कूल ग्रुप.
- माय टीचर इज देअर.
- फाइव्ह डेज. (तुझे जितके दिवस असतील तितके.)
- सॉरी, कॅन यू से दॅट अगेन, स्लोली?
- नो मीट, नो फिश, नो एग, प्लीज.
- आय अ‍ॅम लॉस्ट. कॅन यू कॉल धिस नंबर?
- आय अ‍ॅम नॉट फीलिंग वेल.

चौथं वाक्य सगळ्यात कामाचं. सिंगापूरच्या लोकांची इंग्रजी बोलण्याची ढब वेगळी आहे, वेग जास्त आहे, आणि पहिल्या वेळी ती चांगल्या इंग्रजीवाल्यांनाही कळत नाही. पुन्हा विचारणं तिथे अगदी साधं समजलं जातं.

घराबाहेर एकही रात्र काढली नसेल तर मावशीकडे किंवा मित्राकडे दोन रात्री राहून ये. फोन दिवसातून एकदाच करायचा असं ठरवून.

५. बॅग

मोठी बॅग भरून झाली की ती स्वतः उचलून दोन मजले चढ. जमलं नाही तर सामान कमी कर, तिथे ती कुणी उचलणार नाही. चेक-इन सामानाची, म्हणजे काउंटरवर देऊन टाकायच्या मोठ्या बॅगेची, मर्यादा तिकिटावर असते, हातातल्या बॅगेची बहुतेक विमानांत ७ किलो. चाळीस जणांच्या गटात वीस बॅगा काळ्या असतात, तेव्हा मुठीला रंगीत रिबन बांध.

हातातल्या बॅगेत: कागदांची फाइल, औषधं, एक जादा कपड्यांचा जोड, पातळ स्वेटर, रिकामी पाण्याची बाटली, पेन, पॉवर बँक. पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकायची नाही, कधीच नाही. ती १०० वॉट-अवरच्या आत हवी (२०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-अवर भरते) आणि तिच्यावरचे आकडे वाचता यायला हवेत. छपाई पुसलेली असेल तर तपासणीत काढून घेऊ शकतात.

पातळ पदार्थ, म्हणजे तेल, शाम्पू, टूथपेस्टसुद्धा, हातातल्या बॅगेत १०० मिलीपेक्षा मोठ्या डबीत चालत नाहीत. अर्धी भरलेली २०० मिलीची बाटलीही नाही, कारण मोजतात ते बाटलीचं माप. लोणचं हातातल्या बॅगेत नको.

खाऊ हा आपल्याकडचा जिव्हाळ्याचा विषय, आणि इथेच आजी नकळत पंचाईत करून ठेवते. सिंगापुरात खसखस नेता येत नाही, तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. म्हणजे अनारसे नकोत. डिंकाचे लाडू, करंज्या, मसाल्याच्या पुड्या यांत खसखस आहे का ते विचारून घे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आपल्याच विमानतळावर चेक-इन सामानातून काढतात, कारण त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेऊ शकतात. गुटखा, मावा, खायचा तंबाखू आणि ई-सिगारेट यांना तिथे बंदी आहे. कुणाची तरी पुडी बाबांच्या जुन्या बॅगेच्या कप्प्यात राहिलेली असते, म्हणून उसनी बॅग उलटी करून झटक. मांसाचे पदार्थ नकोत. भाकरवडी, खाखरे, भाजके शेंगदाणे, राजगिऱ्याची चिक्की हे निर्धास्त ने.

च्युइंगगमचंही तसंच. कान दुखू नयेत म्हणून विमानात च्युइंगगम चघळ असं तुला कुणीतरी नक्की सांगेल. सिंगापुरात १९९२ पासून ते आणायलाच बंदी आहे. त्याऐवजी आलेपाक किंवा लिमलेटच्या गोळ्या ठेव.

औषधं मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि झोपेच्या गोळ्या यांना तिथे आधी परवानगी लागते, त्यामुळे डॉक्टरांना ‘कोडीन नसलेलं द्या’ असं सांग. मुलींनी पाळीची तारीख नसली तरी पॅड ठेवावेत, विमानप्रवासाने तारीख मागेपुढे होऊ शकते.

कपडे सुती आणि हलके. सिंगापूर विषुववृत्ताजवळ आहे, वर्षभर दमट उकाडा आणि अचानक कोसळणारा पाऊस. पण मॉल, बस, मेट्रोत एसी इतका कडक की घामेजलेल्या अंगाने आत गेलं की कुडकुडायला होतं, स्वेटर त्यासाठी. बूट नवे नकोत. दिवसाला सात-आठ किलोमीटर चालणं होतं, नवा बूट दुसऱ्या दिवशी टाच सोलतो. घडीची छत्री घे.

आणि चार्जरसाठी अ‍ॅडॅप्टर: तिथे तीन चपट्या, चौकोनी पिनांचं सॉकेट असतं, आपली गोल पिन बसत नाही. विजेचा दाब मात्र आपल्यासारखाच, २३० व्होल्ट.

६. पैसे आणि फोन

शाळेने जेवणखाण धरलेलं असतं, त्यामुळे हातखर्चाला फार लागत नाही. सगळे पैसे घरी असतानाच लिफाफ्यांत वाटून टाक, एका दिवसाला एक लिफाफा, शिवाय एक ‘अडीअडचण’ लिहिलेला. नोटा १० आणि ५ डॉलरच्या माग. दुकानात ९ टक्के जीएसटी बहुधा किमतीतच असतो, पण काही हॉटेलांच्या मेनूवर किमतीपुढे दोन अधिक चिन्हं दिसतील. त्याचा अर्थ १० टक्के सेवाशुल्क आणि वर कर. दहाचं बिल बाराच्या घरात जातं.

फोनवर अवलंबून राहू नकोस. सिम चालत नाही, चार्जिंग संपतं. शिक्षकांचा नंबर, हॉटेलचं नाव आणि पत्ता, घरचा नंबर ‘+९१’सह, विम्याचा नंबर हे एका कागदावर लिहून खिशात ठेव, दुसरी प्रत बॅगेत. घरी फोन करायची वेळ ठरव. सिंगापूर आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, तिथे रात्रीचे साडेनऊ म्हणजे घरी संध्याकाळचे सात.

७. मुंबई विमानतळ

विमानाच्या तीन तास आधी टर्मिनल दोनवर. पुणे, नाशिककडून येणाऱ्यांनी घाटातल्या खोळंब्याचे दोन तास वेगळे धरावेत. तिकीट नसलेल्यांना आत सोडत नाहीत, म्हणजे घरच्यांचा निरोप दाराबाहेरच घ्यायचा. रडू आलं तर येऊ दे, पण पासपोर्ट आधी हातात काढून ठेव.

दारावर सुरक्षा जवान पासपोर्ट आणि तिकीट बघतो. चेहरा नीट दिसेल असं उभं राहायचं, बोलावं लागत नाही. काउंटरवर बॅग पट्ट्यावर ठेवतात, पासपोर्ट आणि व्हिसा पाहतात, बोर्डिंग पास, म्हणजे विमानात चढायची चिठ्ठी, देतात आणि बॅगेचा चिकटपट्टीचा तुकडा त्याच्या मागे लावतात. तो तुकडा परत येईपर्यंत जपायचा, बॅग हरवली तर तोच पुरावा.

इमिग्रेशनला, म्हणजे देशाबाहेर जातानाच्या पासपोर्ट तपासणीला, एकेकटं पुढे जावं लागतं, पिवळ्या रेघेच्या मागे थांबून. इथे धडधड वाढते. अधिकारी विचारतात: कुठे, कशासाठी, कोणाबरोबर, किती दिवस. मराठीत किंवा हिंदीत विचारलं तर त्याच भाषेत उत्तर दे. गंभीर चेहरा हा त्यांच्या कामाचा भाग आहे, तुझं काही चुकलंय असा त्याचा अर्थ नसतो. शिक्का मारून पासपोर्ट परत देतात. शिक्का बसलाय ते तिथेच पाहून घे.

सुरक्षा तपासणीत पट्टा, घड्याळ, नाणी, फोन, पॉवर बँक ट्रेमध्ये. मुलींची तपासणी पडद्याआड महिला जवान करतात. मशीन वाजलं तर पुन्हा एकदा यंत्र फिरवतात, एवढंच. बहुतेक वेळा पट्ट्याचं बक्कल किंवा केसातली पिन असते. ट्रे घेताना तीन वस्तू मोज: पासपोर्ट, बोर्डिंग पास, फोन. इथे फोन विसरणारी मुलं दर सहलीत असतात.

बोर्डिंग पासवरची बोर्डिंगची वेळ आणि विमान सुटण्याची वेळ वेगळी असते. पहिली लक्षात ठेव. गेट विमान सुटण्याच्या साधारण २० मिनिटं आधी बंद होतं.

८. विमानात

थेट विमानाला साडेपाच तासांच्या आसपास लागतात. जेवणाची नोंद आधी झालेली असते आणि त्यात एक सापळा आहे: विमान कंपन्यांच्या भाषेत ‘हिंदू मील’ म्हणजे मांसाहारी जेवण. शाकाहारी असशील तर ‘एशियन व्हेजिटेरियन’ किंवा ‘जैन मील’ नोंदवलंय का ते शाळेला पंधरा दिवस आधी विचार.

कान दुखतात ते उतरताना, शेवटच्या अर्ध्या तासात. तेव्हा झोपू नकोस. गोळी चघळ, आवंढे गिळ, नाहीतर नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मार. संडासाचं दार पूर्ण कडी लागल्यावरच आत उजेड पुरता पडतो, आणि फ्लशचा आवाज मोठा असतो. विमान हलायला लागलं तर पट्टा बांधून बसायचं. रस्त्यावरच्या खड्ड्यांइतकंच ते नेहमीचं.

९. चांगी विमानतळ

चांगी म्हणजे सिंगापूरचा विमानतळ. तिथे पासपोर्ट तपासणीच्या बहुतेक रांगा आता स्वयंचलित आहेत. पासपोर्टचं फोटोचं पान यंत्रावर पालथं ठेवायचं, दार उघडलं की आत जायचं, कॅमेऱ्याकडे बघायचं, अंगठा टेकवायचा. बोटं घामेजली असतील तर ठसा उमटत नाही, म्हणून आधी रुमालाला पूस. यंत्राने घेतलं नाही तर कर्मचारी माणसाच्या काउंटरकडे पाठवतात. व्हिसाची प्रत दाखव आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हण. टोपी आणि मास्क काढून ठेव. या भागात फोटो काढायला मनाई आहे.

१०. तिथले दिवस

खोलीचं दार आपोआप बंद होतं. कार्ड आत ठेवून बाहेर डोकावलं की बाहेरच राहायचं, हे पहिल्या रात्री निम्म्या गटाचं होतं. दिवेही त्याच कार्डाने लागतात, दाराजवळच्या खाचेत ते सरकवायचं. खोलीत उदबत्ती लावू नकोस, धुराचा अलार्म वाजतो. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटली भरून घे.

मेट्रोत खाणं-पिणं बंद, पाण्याचा घोटसुद्धा, ५०० डॉलरपर्यंत दंड आहे. कचरा टाकणं, लाल दिव्यात रस्ता ओलांडणं यालाही दंड. चाळीस जणांनी एकाच दारातून घुसायचं नाही, चार दारांवर वाटून उभं राहायचं.

खाण्यासाठी हॉकर सेंटर असतात, मोठ्या मंडईसारखे. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं दिसलं तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे. खाऊन झालं की ट्रे स्वतः परत ठेवायचा, हा तिथे नियमच आहे. शाकाहारींनी दोन गोष्टी विचाराव्यात: फ्राइड राइसमध्ये अंडं आहे का, आणि सांबल चटणीत कोळंबीची पेस्ट आहे का. ती बहुधा असते. घरच्यासारखं खावंसं वाटलं तर लिटल इंडियात, सेरंगून रोड आणि टेक्का सेंटरच्या परिसरात डोसा, इडली, भात-सांबार मिळतं.

पहिल्या किंवा दुसऱ्या रात्री घरची आठवण उसळते. ते दमल्यामुळेही असतं, कारण तिथे सकाळी सातला उठणं म्हणजे अंगाच्या घड्याळात साडेचार. त्या वेळी घरी फोन करून रडत बसण्याऐवजी आधी काही खा, अंघोळ कर, मग ठरलेल्या वेळी फोन कर. तरीही झोप येत नसेल तर बाईंच्या खोलीचा नंबर लिहून ठेवलेला आहेच. बोलता येत नसेल तर चिठ्ठी लिहून हातात दे: “बाई, मला बरं वाटत नाहीये.” शिक्षकांना रात्री अकराला उठवणं त्यांना आवडतं, सकाळी ताप चढलेला कळण्यापेक्षा.

११. चुकामूक झाली तर

निघण्याआधी गटाने एक नियम ठरवून घ्यावा, आणि तो असा असलेला बरा. फलाटावर मागे राहिलेल्याने तिथेच थांबायचं. एकटा गाडीतून पुढे गेलेल्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून फलाटावरच उभं राहायचं. दोघांनीही शोधायला फिरायचं नाही. सेंटोसा बेटासारख्या गर्दीच्या जागी शेवटचं जिथे सगळे एकत्र होते तिथे परत जाऊन दहा मिनिटं थांब, मग गणवेशातल्या कर्मचाऱ्याला खिशातला कागद दाखव. पोलिसांचा नंबर ९९९, रुग्णवाहिका आणि अग्निशमन ९९५.

पासपोर्ट हरवला तर लपवून ठेवू नकोस. दोन-तीन तासांचा उशीरही पुढचं अवघड करतो. शिक्षकांबरोबर पोलिसांत तक्रार, मग ग्रेंज रोडवरचं भारतीय उच्चायुक्तालय. तिथे परत येण्यापुरतं तात्पुरतं प्रवासपत्र मिळतं. जवळ ठेवलेले दोन फोटो आणि पासपोर्टची झेरॉक्स आता उपयोगी पडतात. झेरॉक्स पासपोर्टच्याच पिशवीत ठेवली असेल तर तीही गेलीच, म्हणून ती मोठ्या बॅगेत ठेवायची.

१२. परतीची रात्र

बॅग आदल्या रात्री भर, सकाळी नाही. चार्जर आणि अ‍ॅडॅप्टर भिंतीलाच राहतात, म्हणून ते फोनबरोबर एकाच वेळी काढ. पॉवर बँक पुन्हा हातातल्या बॅगेत. घेतलेलं अत्तर, सॉस, जेलीचे डबे चेक-इनमध्ये. उरलेली नाणी परत बदलून मिळत नाहीत, ती विमानतळावर पाण्याच्या किंवा चॉकलेटच्या यंत्रात खर्चून टाक. मुंबईला उतरल्यावर बॅग पट्ट्यावरून घेताना रिबन बघ, चिकटपट्टीवरचा नंबर जुळव, आणि सरांनी हजेरी घेईपर्यंत बाहेरच्या गर्दीत आई दिसली तरी रांग सोडू नकोस.